भेगेसमोरचा कॅमेरा

— नाही नाही दादा, तो स्टँड तिथं नका मांडू. जरा लांब घ्या भिंतीपासून — अजून थोडा — तिथून हे येतात ना. हे म्हणजे आमचे हे. मागच्या वेळी तुम्ही कॅमेरा लावून गेलात तेव्हा आत झोपले होते, म्हणून भेट झाली नाही तुमची. दिसत नाही त्यांना. काचबिंदू. अजिबात नाही दिसत, दिवा लावला की विझवला तेसुद्धा कळत नाही. पण या घरात तुम्हाला पत्ता लागणार नाही, खरं सांगते. आतल्या खोलीतून निघाले की डावा हात या भिंतीवर, कमरेएवढ्या उंचीवर, बोटं नुसती टेकलेली, आणि सरळ स्वयंपाकघरात. गॅस पेटवतात, चहा करतात, माझाही करतात, आणि माझ्या कपात साखर कमी. तो पट्टा दिसतोय ना रंगावर, चकचकीत? लोकांना वाटतं तेलाचा डाग आहे. डाग कसला, हात आहे तो त्यांचा. रंगवाला म्हणाला, काकू, घासून काढतो. म्हटलं, त्याला हात लावलास तर बघ.

बसा ना, स्टूलवर बसून करा काय ते. वाकून वाकून पाठ जाईल. मागच्या वेळचं सगळं वाया गेलं म्हणे तुमचं? सोसायटीच्या कमिटीच्या सेक्रेटरींचा फोन आला होता मला — काकू, कॅमेऱ्याला कुणाचा तरी धक्का लागलाय, चौकट सरकलीय, शेवटच्या सगळ्या फोटोंत भेग नाही, आमच्या कपाटाचं दारच आलंय. मला कसंनुसं झालं. म्हटलं, अहो, आंधळा माणूस आहे घरात, लागला असेल पाय. यांनीच मग फोन घेतला माझ्या हातातून आणि माफी मागितली. म्हणाले, माझाच लागला असेल हो, लक्षात नाही आलं. आता काय करणार. म्हणून तर म्हणते, लांब घ्या. तुम्ही ते पायांभोवती पिवळी टेप चिकटवताय ते बरं आहे, पण टेप त्यांना दिसणार थोडीच.

ते लेन्सचं कडं कशाला बांधताय टेपनं? — अच्छा, फोकस हलू नये म्हणून. आणि पडदा सारखा बंदच ठेवायचा? नाही, ठेवीन मी, तसं काही नाही. दिवा पण चोवीस तास? ठेवीन. मागच्या वेळीही ठेवलाच होता. तुमचं म्हणजे कसं, सगळं जसंच्या तसं पाहिजे, उजेड तोच, जागा तीच, आणि बदलायचं ते फक्त भिंतीनं. बरोबर ना? यांनी समजावलं मला. यांना फार आवडला होता तुमचा कॅमेरा. घड्याळजी होते ना हे. कोपऱ्यावर दुकान होतं, आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. तो कॅमेरा अर्ध्या तासानं खट्ट करायचा तर यांचे कान लगेच तिकडे. म्हणायचे, अर्ध्या तासाला एक ठोका, असलं आळशी घड्याळ मी जन्मात पाहिलं नाही. जेवताना हात थांबायचा त्यांचा — आता वाजेल बघ, म्हणायचे, आणि वाजायचंच.

चहा घेता? नंतर म्हणजे विसराल. असो.

मला एक सांगा, एवढ्यानं खरंच कळतं? म्हणजे भेग वाढते की नाही ते? कारण शेजारचा तो कंत्राटदार तर म्हणतोय की ही जुनीच आहे. त्यांनी तिथं एवढा मोठा खड्डा खणलाय पायासाठी — खिडकीतून बघा, आत्ता पडदा उघडाच आहे अजून — ट्रक आला की आमच्या मांडणीतली भांडी बोलायला लागतात. आणि हा म्हणतो, काकू, तुमची इमारत म्हातारी झाली. मी म्हटलं, मी पण झालेय, मला नाही पडली भेग. हसला. हसायला काय जातंय त्याचं. कमिटी म्हणते, कॅमेऱ्यात वाढताना दिसली की पुरावा, मग खोदकाम बंद. आणि इमारत रिकामी. हे दुसरं वाक्य जरा हळू बोलतात, लक्षात आलं का तुमच्या? खोदकाम बंद मोठ्यानं, आणि रिकामी हळू. सगळ्यांनी उठून तिकडे जायचं, त्या नव्या उंच इमारतीत, तात्पुरतं. तात्पुरतं म्हणजे किती, तर ते कुणालाच ठाऊक नाही.

आम्ही बघून आलो ना ते घर. मीच घेऊन गेले यांना. लिफ्ट आहे, मोठ्या खिडक्या आहेत, फरशी अशी की पाय घसरावा. दार उघडलं, मी पुढे झाले, सगळं बघत बघत आतपर्यंत गेले — आणि मागे वळून बघते तर हे त्या मोठ्या खोलीच्या मधोमध उभे. दोन्ही हात पुढे करून. हलत नाहीत. मला म्हणाले, अगं, भिंत कुठे आहे? दादा, या माणसानं मला इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही काही कुठे आहे म्हणून. नजर जात चालली होती तेव्हा डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, हळूहळू सगळीच जाईल. तेव्हापासून हे घर पाठ करत होते. डोळे मिटून चालायचे, आपटायचे, पुन्हा जायचे. मी रडायचे तर मला म्हणायचे, रडू नकोस, मोजायला चुकतं. आणि तिथं मधोमध उभे, भिंत कुठे आहे विचारतायत. त्या दिवशी घरी आले आणि जिवाला जो घोर लागला तो लागलाच.

बरं, मी काय म्हणते — हा कॅमेरा थोडा वर नाही का करता येणार? खिडकीच्या कोपऱ्यावर. भेग सुरू तिथूनच होते, ठळकही तिथंच आहे, आणि खालच्या बाजूला काय नुसता ओरखडा आहे. वर लावला तर यांच्या वाटेतूनही निघेल. नाही, तुमचं काम तुम्हाला कळतं, मी आपलं सुचवलं. कमिटीनं सगळी भेग दिसली पाहिजे असं सांगितलंय का? सांगितलंय. बरं. मग लावा बाबा, जिथं सांगितलंय तिथं लावा.

अहो — अहो दादा, नखानं नका खरवडू. तो रंग निघेल. निघाला की पुन्हा — 

हो. पुट्टी आहे ती. त्यात काय एवढं? भिंतीला भेग पडली तर माणूस भरतो, घर आहे आमचं, प्रयोगशाळा थोडीच आहे. यांची बोटं तिथून जातात रोज. एक दिवस चालता चालता थांबले आणि म्हणाले, इथं काहीतरी उघडलंय गं. मी म्हटलं, रंगाचा पोपडा गेलाय. आणि दुपारी जाऊन पुट्टीचा डबा आणला. का म्हणजे? त्यांना कळू नये म्हणून. आंधळ्या माणसाला भिंत फाटलेली लागावी हाताला, बरं दिसतं का ते? एवढंच. त्यात कमिटीला फसवायचा हेतू नव्हता माझा — 

तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. काम करा ना. वायर लावायची राहिली तुमची.

नव्हता हेतू, पण मग झाला. झालं कसं, कॅमेरा आला. तोवर मी एकदाच भरली होती, ती टिकली होती बऱ्यापैकी. कॅमेरा आला आणि दोन-तीन दिवसांत सकाळी बघते तर उघडी. पूर्ण उघडी, पुट्टीचा कण नाही आत. मी पुन्हा भरली. तुमचा तो खट्ट आवाज झाला की लगेच जायचं, पुढचा व्हायच्या आत हात फिरवून परत यायचं, अर्धा तास म्हणजे पुष्कळ झाला — मला वाटलं, सापडणार नाही मी. आणि सापडलेच नाही, खरं ना? पण भेग ऐकेना. मी दुपारी भरावी, हे खाली गेले की, आणि दुसऱ्या दिवशी उठून बघावं तर आ वासून उभी. एवढ्या जोरात उघडतेय ही? एका रात्रीत पुट्टी गिळतेय? आणि खाली भुगासुद्धा नाही कुठे, जमीन स्वच्छ. मी वाकून वाकून बघायचे, म्हटलं आत जातोय की काय भुगा, भिंत आतून पोकळ झालीय की काय. कुणाला विचारू? यांना विचारावं तर भरली कशाला, हे निघणार. मग रात्र रात्र डोळा नाही लागायचा. वाटायचं, ट्रक येतोय, आता आवाज येईल, आता येईल.

आणि खाली ती शिवणकाम करणारी राहते. बरोबर आपल्या खाली, हीच भिंत. तिला बाळ झालंय आत्ता. हे रोज दुपारी खाली जातात, आत्ताही तिथंच आहेत, ती मशीन चालवते आणि हे बाळाला घेऊन बसतात. बाळ यांच्याकडे रडत नाही. त्या बाळाचा पलंग या भिंतीला लागून आहे. मी सांगितलं तिला, ओल येते त्या भिंतीला, हलव पलंग. तिनं कुठे हलवला. दुसऱ्या भिंतीला मशीन आहे, आणि तिला उजेड लागतो. ओल कुठे आहे काकू, कोरडी खडखडीत आहे, म्हणते. खरं कारण सांगायचं तर तोंड उघडत नव्हतं माझं. जिन्यात भेटली की मी पिशवीत काहीतरी शोधायला लागते. चांगली पोरगी आहे. माझे दोन ब्लाउज तिनंच शिवले.

मग मी तरी काय करणार होते? रोज भरायची, रोज उघडायची, आणि तो कॅमेरा सगळं बघतोय समोर बसून. म्हटलं, आज ना उद्या दिसणारच. म्हणून मग त्या दिवशी जरासा — 

काय? 

हो, मीच. मी सरकवला. आता कळलंच आहे तुम्हाला तर काय. यांचा पाय कशाला लागतोय? कधी एक पेला सांडला नाही त्यांच्या हातून. त्या स्टँडला वळसा घालून जायचे ते, पहिल्या दिवसापासून, मी न सांगता. मी फोनवर यांचं नाव घेतलं तेव्हा हे इथंच उभे होते, ऐकत होते. मला वाटलं, म्हणतील, मी नाही हो. तर फोन मागितला आणि माफी मागितली. मग आत जाऊन रेडिओ लावला. मी स्वयंपाकघरात पोळपाट घेऊन किती वेळ नुसतीच उभी होते.

नाही, पण तुम्ही काय विचारताय — कशासाठी? सांगितलं ना, त्यांच्यासाठी. नव्या जागी त्यांचं कसं होणार. काठी घेऊन चाचपडत — आत्ता राजासारखे फिरतात. हे घर म्हणजे त्यांचे डोळे आहेत. कुणीही बायको हेच करेल.

तुम्हाला नाही पटलेलं दिसत.

नसू दे. मला तरी कुठे पटतंय आता बोलता बोलता. तुम्ही गप्प बसून काम करताय आणि मी बोलतेच आहे, माझं मला कळत नाहीये. खरं सांगू? त्या नव्या घरात ते मधोमध उभे होते ना, हात पुढे करून, तेव्हा मला दया नाही आली. राग आला. मनात आलं, झालं, आता मला यांची भिंत व्हावं लागणार. सकाळी उठल्यापासून. संडास कुठे, नळ कुठे, दार कुठे, अगं, ए, इकडे ये. मी थकलेय हो. माझे गुडघे गेलेत. इथं ते माझ्याशिवाय चालतात. आणि ते माझ्याशिवाय चालतात म्हणून मी दुपारी जरा पडते, भाजी आणायला जाते, मैत्रिणीकडे बसते. लोक म्हणतात, किती करता हो तुम्ही त्यांचं. मी काही करत नाही. ही भिंत करते. ती पडली तर मला करावं लागेल, आणि मला ते नकोय. एवढ्यासाठी मी एका बाळाच्या डोक्यावर — 

थांबा, पाणी पिते.

काय काढताय ते? मागचे फोटो? आता कशाला, वाया गेले ना ते? — सगळे नाही? सरकायच्या आधीचे आहेत? दाखवा. चष्मा कुठे ठेवला मी. हं. ही आमची भिंत. छान आलीय, काय स्वच्छ दिसते. ही भेग. ही पण भेग. ही — इथं नाहीये. ओलसर डाग आहे नुसता. हो, ही मी भरलेली. म्हणजे तुम्हाला हे सगळं येण्याआधीच माहीत होतं? आणि तुम्ही मघापासून मुकाट ऐकताय. बरं केलंत. दाखवा पुढे. भरलेली. भरलेली. पडद्यामागे अंधार आहे, म्हणजे रात्रीचा. मी झोपले असेन तेव्हा, किंवा जागी असेन, पडून. पुढे?

हे कोण?

हे कसे इथं? गुडघ्यावर बसलेत. हातात काय आहे — मोठं करा जरा. तो बारीक पेचकस आहे त्यांचा, दुकानातला, घड्याळांचा. तो मी कधीचा उचलून ठेवला होता. काय करतायत? — पुट्टी काढतायत? माझी पुट्टी काढतायत. आणि डाव्या मुठीत भुगा, बघा, मूठ कशी धरलीय. जमिनीवर सांडू नये म्हणून. म्हणून जमीन स्वच्छ. म्हणजे भेग उघडत नव्हती रात्रीत. हे उघडत होते.

पुढचा दाखवा. 

हा तसाच. अर्ध्या तासानं पण तिथंच, किती सावकाश करतायत. आणि हा — दादा, हा मोठा करा. उभे राहिलेत. भेगेवर बोट ठेवलंय, खालच्या टोकाशी, जिथं ती रुंद आहे. तोंड इकडे. कॅमेऱ्याकडे. वाट बघतायत खट्ट व्हायची, बरोबर कळतं त्यांना कधी वाजणार ते. लपायचं असतं तर लपले नसते का, माझ्यासारखे? तुम्हाला दाखवतायत ते. इथं आहे, इथं बघा म्हणून. 

असे किती आहेत? रोजचे?

रोजचे.

आणि सकाळी मला म्हणायचे, झोप लागली का गं. मी म्हणायचे, लागली. तुम्हाला? ते म्हणायचे, मलाही. त्यांना सगळं माहीत होतं. पुट्टी, कॅमेरा, फोन, सगळं. खाली बाळाला मांडीवर घेऊन बसायचे त्याच भिंतीला टेकून, आणि वर येऊन माझी पुट्टी काढायचे, आणि मला एका शब्दानंही काही म्हणाले नाहीत. का नाही म्हणाले? मला लाज वाटेल म्हणून? की मी स्वतःहून सांगेन म्हणून थांबले होते? आणि ते नवं घर — तिथं मधोमध उभं राहायला ते तयार आहेत. मीच तयार नव्हते.

बंद करा ते आता. बघवत नाही मला.

नाही, वर नका करू कॅमेरा. मघाशी म्हटलं ते सोडा. खाली घ्या. अजून खाली, जिथं त्यांनी बोट ठेवलंय तिथं. मी काढते ही पुट्टी, द्या इकडे तुमचं ते पातं. मी काढते म्हटलं ना. हे बघा, किती आत गेलीय, सगळं बोट जातंय माझं. कमिटीला लगेच फोन करा तुम्ही, महिनाभर फोटो काढत नका बसू. मी करू? मी करते. आधी खाली जाते, तिला सांगते, पलंग आत्ताच्या आत्ता — 

श्श. जिन्यात पावलं वाजली. आलेच ते.

आलात? अहो, कॅमेरावाले आलेत, मागचेच. हो, स्टँड पुन्हा त्याच जागी आहे. बाळ झोपलं का? — हो. मी काढतेय. माझ्या हातात पातं आहे. सगळी काढते, भुगा राहू दे खाली. — काय म्हणालात?

नाही. आता नाही हलवणार मी कॅमेरा.

दादा, झालं ना तुमचं? मग निघा आता. जाताना खालच्या मजल्यावर तेवढी बेल वाजवा, सांगा, वरच्या काकूंनी वर बोलावलंय, बाळाला घेऊन ये. आणि दार ओढून घ्या.